पदार्थ एक, आकडे हजारपट वेगळे

डायोडमध्ये ०.००००००५. ट्रान्झिस्टरमध्ये त्याच्या सुमारे हजारपट, म्हणजे ०.०००५ च्या आसपास. पॉलिमर दोन्हीकडे तोच, पीपीव्ही घराण्यातला, नारिंगी रंगाचा. मोजलं तेही तेच: धन विद्युतभार, म्हणजे होल, त्यातून किती सहज सरकतो.

या राशीला मोबिलिटी म्हणतात. दर सेंटिमीटरला १ व्होल्ट इतकं विद्युतक्षेत्र लावलं, तर भारवाहक सेकंदाला सरासरी किती सेंटिमीटर सरकतो ते ती सांगते. एकक आहे चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद. पुढे प्रत्येक आकड्यामागे ते लिहीत बसत नाही, सगळीकडे तेच धरावं. शुद्ध स्फटिक सिलिकॉनमध्ये खोलीच्या तापमानाला इलेक्ट्रॉनची मोबिलिटी साधारण १,४०० असते. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरमध्ये पृष्ठभागालगत ती निम्म्याखाली उतरते, पण ती का उतरते हे सर्वांना ठाऊक आहे, आणि हजारपटीचा घोळ तिथे होत नाही.

सेंद्रिय अर्धवाहकांत, म्हणजे कार्बनी रेणूंच्या किंवा पॉलिमरच्या पातळ थरांत, तो होतो. वर्षानुवर्षं होत आला आहे. त्याचं खापर ‘नमुना चांगला नव्हता’ किंवा ‘मोजणारा कच्चा होता’ यावर फोडण्याची सोय आहे, आणि कधी कधी ते खरंही असतं. पण वरच्या दोन आकड्यांपैकी एकही चुकीचा नाही. या पदार्थांत मोबिलिटी किती, हा प्रश्नच अर्धा आहे. वाहक किती दाटीनं आहेत, क्षेत्र किती, तापमान किती, हे सांगितल्याशिवाय मिळालेला आकडा कागदावर शोभतो, उपकरण बनवायला उपयोगी पडत नाही.

ते कसं, हे हिशेबानंच बघू.

काचेवर इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर, त्यावर १०० नॅनोमीटर पॉलिमर, वर धातूचा थर. क्षेत्रफळ २ मिलिमीटर गुणिले २ मिलिमीटर. दोन टोकांना १० व्होल्ट. अशा थरातून जास्तीत जास्त किती प्रवाह जाईल याचं सूत्र मॉट आणि गर्नी या दोघांनी १९४० साली त्यांच्या ग्रंथात दिलं: ९/८, गुणिले पदार्थाची परमिटिव्हिटी, गुणिले मोबिलिटी, गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले जाडीचा घन. सेंद्रिय पदार्थांचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक साधारण ३ असतो. डायोडवाला आकडा घातला की चौरस सेंटिमीटरला १५ मिलिअँपिअर येतात, आपल्या तुकड्यात ०.६ मिलिअँपिअर. अशा डायोडमध्ये ही श्रेणी अगदी ओळखीची आहे. आता त्याच सूत्रात ट्रान्झिस्टरचा आकडा घाला. ०.६ अँपिअर. १० व्होल्टला ०.६ अँपिअर म्हणजे ६ वॉट, आणि तेही ४ चौरस मिलिमीटरवर. थर जागच्या जागी जळून जाईल. पुस्तकातला ‘चांगला’ आकडा उचलून डायोडचं गणित करणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

डायोडमधला वाहक किती सावकाश चालतो तेही पाहण्यासारखं आहे. १०० नॅनोमीटरवर १० व्होल्ट म्हणजे सेंटिमीटरला १० लाख व्होल्ट. इतक्या प्रचंड क्षेत्रातही त्याचा सरासरी वेग येतो सेकंदाला ५ मिलिमीटर. पलीकडे पोचायला २० मायक्रोसेकंद. तरी अशा प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय डायोडांच्या, म्हणजे ओलेडच्या, पडद्याचं काही अडत नाही, कारण सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, आणि २० मायक्रोसेकंद हा त्याचा आठशेवा भाग झाला. व्यवहारातल्या ओलेड पडद्यांत होल वाहून नेणारे थर याहून शेकडो पटींनी बरे असतात. बाकीचं काम जाडी करते: अंतरच इतकं कमी की चाल मंद असली तरी चालतं. प्रत्येक पिक्सेलला प्रवाह देणारा ट्रान्झिस्टर मात्र सहसा पॉलिसिलिकॉनचा किंवा धातूच्या ऑक्साइडचा असतो. तिथे सेंद्रिय पदार्थ अजून घुसू शकलेला नाही, आणि त्याचं एक मोठं कारण मोबिलिटीच.

स्फटिकात शेकडो, थरात दशलक्षांश

कार्बनी रेणू मुळातच मंद, असं मात्र नाही. १९६० साली केप्लर आणि लेब्लांक यांनी अँथ्रासीनच्या स्फटिकात वाहकांचा प्रवासकाळ मोजला, तेव्हा उत्तर १ च्या आसपास आलं होतं. अतिशुद्ध नॅफ्थलीनमध्ये, म्हणजे कपाटातल्या डांबरगोळीच्याच पदार्थात, कार्ल आणि वार्टा यांनी १९८५ साली १० केल्व्हिनला होलची मोबिलिटी काहीशे इतकी मोजली. रुब्रीनच्या स्फटिकात खोलीच्या तापमानाला १० ते २० मिळते. रेणू तसेच, पण नीट रचलेले.

पडद्यासाठी स्फटिक कुणी वाढवत नाही. १९८७ साली कोडॅकमधल्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी १० व्होल्टच्या आत चमकणारा दोन थरांचा ओलेड दाखवला, तो निर्वातात वाफ बसवून केलेल्या अस्ताव्यस्त थरांचा होता. त्यातला अ‍ॅल्क्यू-थ्री हा पदार्थ इलेक्ट्रॉन वाहून नेतो तो ०.००००१ किंवा त्याहून कमी मोबिलिटीनं. १९९० साली केंब्रिजच्या गटानं पीपीव्हीचा दिवा दाखवला, त्यात पॉलिमरच्या साखळ्या गुंतवळासारख्या पडलेल्या. अँथ्रासीनच्या १ पासून आपल्या पॉलिमरच्या ०.००००००५ पर्यंतच्या वीस लाखपट घसरणीत रेणूंच्या जातीपेक्षा त्यांच्या मांडणीचा वाटा मोठा आहे.

तीन पद्धती, तीन वेगळ्या परिस्थिती

सगळ्यांत सरळ पद्धत प्रवासकाळाची. थराच्या एका बाजूला लेसरचा क्षणभराचा झोत मारायचा, तिथे वाहक तयार होतात, ते दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंतचा वेळ ऑसिलोस्कोपवर बघायचा. जाडीच्या वर्गाला व्होल्टेज आणि वेळ यांच्या गुणाकारानं भागलं, की झाली मोबिलिटी. ५ मायक्रोमीटर जाड थर, ५० व्होल्ट, मोबिलिटी ०.०००१ असेल तर ५० मायक्रोसेकंद. आरामात दिसतं.

हेच खऱ्या उपकरणाच्या जाडीला करून बघा. १०० नॅनोमीटर, ५ व्होल्ट, तीच मोबिलिटी: २०० नॅनोसेकंद. पण इतका पातळ थर स्वतःच एक कपॅसिटर असतो, ४ चौरस मिलिमीटरला साधारण १ नॅनोफॅरडचा, आणि मोजणाऱ्या यंत्राचे ५० ओहम त्याला जोडले की मंडळाचा स्वतःचा काळ ५० नॅनोसेकंद होतो. पारदर्शक इलेक्ट्रोडचा रोध त्यात मिळवला की आणखी वाढतो. म्हणजे वाहकाची चाल मोजतोय की मंडळाची, हेच कळेनासं होतं. शिवाय १०० नॅनोमीटरच्या थरात प्रकाश एका काठाला थांबत नाही, आरपार शोषला जातो; मग सुरुवातीची रेषाच पुसली जाते. म्हणून प्रवासकाळ मोजतात तो उपकरणाच्या ५० पट जाडीच्या थरात, पाचपट कमी क्षेत्रात. जाड थर वाळतोही वेगळा. वर अस्ताव्यस्त पदार्थात सगळे वाहक एकदम पोचतच नाहीत, लांबलचक शेपूट उरतं आणि आलेखावर ‘पोचले’ असा कोपरा दिसत नाही. शेर आणि माँट्रोल यांनी १९७५ साली या शेपटाचं गणित मांडलं, तेव्हापासून दोन्ही अक्ष लॉगमध्ये घेऊन तो कोपरा शोधतात.

दुसरी पद्धत वर आली तीच, मॉट-गर्नीची. एकाच प्रकारचा वाहक आत सोडायचा, व्होल्टेज वाढवत प्रवाह मोजायचा, आणि वर्गाच्या नियमात बसवायचा. वरवर बघता एका दुपारचं काम. इथे माशी शिंकते ती जाडीपाशी. दोन-अडीच सेंटिमीटरच्या काचेच्या चौकोनावर द्रावणाचे थेंब टाकून ती गरागरा फिरवली की थर बसतो, कडेला थोडा जाड, मध्ये पातळ. जाडी बघायला ब्लेडनं थरावर एक ओरखडा काढतात आणि प्रोफाइलोमीटरची सुई त्यावरून ओढतात. पडद्यावर पायरी उमटते, तिची उंची म्हणजे जाडी. ब्लेडनं पॉलिमर ओरखड्याच्या कडेला गोळा होऊन उंचवटा झाला असेल, तर पायरी कुठून मोजायची हा ज्याच्या त्याच्या नजरेचा प्रश्न. आणि ओरखडा काढला जातो काचेच्या मोकळ्या भागात, धातूखालच्या त्या ४ चौरस मिलिमीटरमध्ये नाही. १०० च्या जागी ११० वाचलं गेलं तर? जाडी सूत्रात घनानं येते. १.१ चा घन १.३३. मोबिलिटी ३३ टक्क्यांनी फुगली, आणि आलेख तितकाच देखणा राहिला.

दुसरा खड्डा अंगभूत व्होल्टेजचा. दोन इलेक्ट्रोडांच्या ऊर्जापातळ्या वेगळ्या असतील तर लावलेल्या व्होल्टेजातला काही भाग तो फरक भरून काढण्यातच जातो. लावले ३ व्होल्ट, अंगभूत १ व्होल्ट, तर कामाचे उरतात २. ते वजा करायचं राहिलं तर ४ च्या जागी ९, म्हणजे सव्वादोन पट चूक. जाडीच्या चुकीसोबत ही बसली की एकमेकींना झाकतात, किंवा वाढवतात. कोणतं झालं ते एका वक्ररेषेवरून सांगता येत नाही.

यावर उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे: तीन-चार वेगवेगळ्या जाड्यांची उपकरणं करा. जाडी दुप्पट झाली की त्याच व्होल्टेजला प्रवाह आठव्या हिश्श्यावर यायला हवा. आला नाही, तर प्रवाह थरातून मर्यादित होत नसून धातूच्या सांध्यापाशी अडतो आहे, आणि मोजली ती मोबिलिटी नव्हेच. फक्त एका जाडीवरून काढलेली मोबिलिटी दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेली दिसली की मी पुढचं पान उलटतो.

तिसरी पद्धत ट्रान्झिस्टरची, आणि सर्वाधिक बढाया इथेच मारल्या गेल्या. गेटच्या व्होल्टेजनं पृष्ठभागालगत वाहक गोळा करायचे आणि प्रवाहाच्या वर्गमुळाचा आलेख काढायचा. सरळ रेषेच्या उताराच्या वर्गावरून मोबिलिटी निघते. सरळ रेषा असली तर. पुष्कळदा रेषेला मधेच कोपरा असतो, आधी तीव्र चढ, मग मंद. तीव्र भागाचा उतार घेतला आणि तो तिप्पट असला, तर मोबिलिटी नऊपट. २०१६ साली बिटल आणि सहकाऱ्यांनी रुब्रीनच्या ट्रान्झिस्टरांवर दाखवलं की हा तीव्र चढ मुळात पदार्थाचा नसतो. गेटचं व्होल्टेज धातूच्या सांध्याचा अडथळाही उघडत जातं आणि त्याचं श्रेय पदार्थाला मिळतं. फुगवटा दसपट किंवा त्याहून जास्त. त्याच वर्षी मॅक्युलॉक, सालेओ आणि शॅबिनिक यांनी ‘सायन्स’मध्ये या कोपऱ्यांपासून जपून राहा असं बजावलं. आधीच्या अनेक वर्षांतले विक्रम त्यानंतर लोक जरा सावधपणे वाचू लागले.

हे सगळं चुकांबद्दल झालं. लबाडीचा एक अध्यायही याच विषयात घडलेला आहे. बेल लॅब्जमधला यान हेंड्रिक शोन सेंद्रिय स्फटिकांच्या ट्रान्झिस्टरांवर एकामागून एक अचाट निकाल छापत होता. २००२ साली चौकशी समितीनं २४ आरोपांपैकी १६ मध्ये गैरवर्तन सिद्ध झाल्याचं सांगितलं. वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत गोंगाटसुद्धा हुबेहूब तोच निघाला, यावरून संशय आला होता. मला त्यात बोचतं ते वेगळंच. चांगल्या आकड्याची इतकी भूक होती, की आकडा कोणत्या अटींत आला हे विचारायला पुष्कळांना उशीर झाला.

मग खरं कोणतं?

डायोड आणि ट्रान्झिस्टरमधलं हजारपटीचं भांडण २००३ साली तनासे, मायर, ब्लोम आणि द लिउ यांनी मिटवलं. त्यांनी एकाच पॉलिमरचे दोन्ही प्रकार केले आणि दोन्हीकडची मोबिलिटी वाहकांच्या दाटीसमोर मांडली. दोन्ही मोजमापं एकाच वक्ररेषेवर बसली. घन सेंटिमीटरला १ वर १६ शून्यं इतक्या दाटीपर्यंत मोबिलिटी स्थिर, त्यापुढे दाटीच्या एका घातानं चढती.

दाटीचा हिशेब आपणही करू शकतो. ३०० नॅनोमीटरच्या डायोडला ३ व्होल्ट लावले तर आतल्या विद्युतभाराची सरासरी दाटी निघते घन सेंटिमीटरला ८ वर १५ शून्यं. ट्रान्झिस्टरमध्ये २३० नॅनोमीटरचा सिलिकॉन डायऑक्साइड आणि उंबरठ्याच्या वर ४० व्होल्ट धरा. चौरस सेंटिमीटरला सुमारे पावणेचार लाख कोटी वाहक जमतात, आणि ते जवळपास सगळे पहिल्या एक-दोन नॅनोमीटरमध्ये दाटीवाटीनं बसतात. एक नॅनोमीटर धरला तर दाटी डायोडच्या साडेचार हजारपट. रेणूंच्या जागा घन सेंटिमीटरला साधारण १ वर २१ शून्यं असतात. म्हणजे डायोडमध्ये सव्वा लाख जागांमागे एक वाहक, ट्रान्झिस्टरमध्ये २५-३० जागांमागे एक.

दाटीनं इतका फरक का पडावा? कारण अस्ताव्यस्त थरात प्रत्येक रेणूची ऊर्जा शेजाऱ्याहून थोडी वेगळी असते. वाहक एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो, आणि कमी ऊर्जेच्या जागी अडकून पडतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर पहिला पाऊस पडला की पाणी आधी खड्ड्यांत मुरतं. खड्डे भरल्यावर उरलेलं वाहायला लागतं. ट्रान्झिस्टरमध्ये खड्डे आधीच भरलेले असतात, डायोडमध्ये रिकामे.

खड्डे किती खोल, याचा आकडा हाइन्झ बेसलरच्या १९९३ सालच्या लेखात आहे. जागांच्या ऊर्जा घंटेच्या आकाराच्या वक्रावर पसरल्या आहेत असं धरायचं. पसाऱ्याची रुंदी सिग्मा. मारबुर्गच्या या माणसानं संगणकावर उड्या मारवून जे सूत्र काढलं त्यात, क्षेत्र जवळपास शून्य असताना, मोबिलिटी सिग्माच्या वर्गाच्या घातांकानं पडते. २५ अंश सेल्सिअसला उष्णतेची ऊर्जा ०.०२५७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सिग्मा ०.०८ असेल तर बेशिस्तीनंतर मूळ मोबिलिटीतली १.३ टक्के उरते. ०.१० ला ०.१२ टक्के. ०.१२ ला ०.००६ टक्के. ०.०८ वरून ०.१२ म्हणजे फक्त ०.०४ इलेक्ट्रॉन-व्होल्टची वाढ, आणि मोबिलिटी दोनशेपटीहून जास्त खाली. रसायनशास्त्रज्ञ नवा रेणू बनवतात तेव्हा त्याच्या साखळीचं टोक बदलून सिग्मा इतका सहज हलू शकतो. म्हणून दोन प्रयोगशाळांच्या ‘त्याच’ पदार्थात पाचपट फरक पडला तर मला नवल वाटत नाही.

तापमानाचंही तसंच. सिग्मा ०.१० धरून २५ अंशांवरून उणे २३ वर उतरा. मोबिलिटी १७ पट घटते. यात मोजणाऱ्यासाठी एक छुपा सापळा आहे. थंड करणाऱ्या कक्षात तापमापी बसवलेली असते तांब्याच्या ठोकळ्यावर, आणि नमुना असतो काचेवर. काच ठोकळ्यापेक्षा ५ अंशांनी गरम राहिली, तर उणे २३ च्या आसपास मोबिलिटीत ४५ टक्क्यांची चूक होते. सिग्मा त्याच उतारावरून काढतात, तेव्हा तोही सोबत हलतो.

संगणकाला किती विचारायचं

सिम्युलेशनच्या दोन जाती आहेत. पहिलीत वाहक म्हणजे वाहता द्रव धरतात: दाटी, क्षेत्र आणि प्रवाह यांची समीकरणं थराच्या जाडीवर शंभरेक बिंदू घेऊन सोडवतात. आजच्या लॅपटॉपवर एक पूर्ण वक्ररेषा काही सेकंदांत. समीकरणं साधी दिसतात, पण सरळसोट सोडवली तर उत्तर डोलायला लागतं, कारण शेजारच्या दोन बिंदूंमध्ये व्होल्टेजचा फरक ५१ मिलिव्होल्टच्या, म्हणजे उष्णतेच्या व्होल्टेजच्या दुपटीच्या, आत असावा लागतो. आपल्या डायोडमध्ये १० व्होल्ट १०० नॅनोमीटरवर पसरलेत, बिंदू एकेक नॅनोमीटरवर घेतले तरी पायरीला १०० मिलिव्होल्ट. बेल लॅब्जच्या शार्फेटर आणि गुमेल यांनी १९६९ साली सिलिकॉनसाठी यातून वाट काढली, आणि सेंद्रिय उपकरणांची आजची बहुतेक सॉफ्टवेअरं तीच वाट चालतात.

दुसरी जात मॉन्टे कार्लोची. इथे प्रत्येक रेणू, प्रत्येक उडी वेगळी. १०० नॅनोमीटरचा घन, नॅनोमीटरला एक जागा, म्हणजे १० लाख जागा. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण आपल्या २ मिलिमीटरच्या खऱ्या तुकड्यात जागा आहेत ४ वर १४ शून्यं, म्हणजे ४० कोटी असे घन. वेळेचा हिशेब तर आणखी त्रास देणारा. उडीच्या प्रयत्नांचा दर सेकंदाला १ लाख कोटी धरतात. २० मायक्रोसेकंदांच्या प्रवासात २ कोटी प्रयत्न, आणि निव्वळ पुढे जायचंय फक्त शंभर जागा. बाकीचा वेळ वाहक त्याच दोन रेणूंमध्ये मागेपुढे करत बसतो आणि संगणक निमूटपणे मोजत राहतो. तरीही २०१३ साली मेस्टा आणि सहकाऱ्यांनी अनेक थरांच्या पांढऱ्या ओलेडचं रेणूपातळीवरचं सिम्युलेशन ‘नेचर मटेरियल्स’मध्ये छापलं, प्रकाश कोणत्या थरात तयार होतो इथपर्यंत त्यात उत्तरं होती.

या दोन जातींना जोडणारा पूल २००५ साली पासवीर आणि सहकाऱ्यांनी बांधला. उड्यांचं गणित एकदा सविस्तर सोडवून मोबिलिटी तापमान, दाटी आणि क्षेत्र या तिन्हींवर कशी अवलंबून असते त्याचं सूत्र काढलं. ते द्रवाच्या समीकरणांत घालता येतं. पदार्थाचे आकडे लागतात फक्त तीन: मूळ मोबिलिटी, सिग्मा आणि दोन जागांमधलं अंतर. त्यांचा निष्कर्ष असा की खोलीच्या तापमानाला दाटीच मुख्य, क्षेत्राचा जोर कमी तापमानाला आणि जास्त क्षेत्राला दिसतो.

आता मला या सगळ्यातली सगळ्यात शिकवणारी गोष्ट वाटते ती ही. डायोडचा प्रवाह वर्गापेक्षा वेगानं चढतो, हे सगळ्यांना दिसत होतं. एकानं म्हटलं, ट्रॅप आहेत, म्हणजे वाहक अडकवून ठेवणाऱ्या खोल जागा. दुसऱ्यानं म्हटलं, मोबिलिटी क्षेत्रानं वाढते, आणि घातांकाचं पद घालून वक्ररेषा अचूक जुळवून दाखवली. तिसऱ्यानं म्हटलं, दाटीनं वाढते, आणि तीही जुळली. एकच रेषा, तिन्ही स्पष्टीकरणं चपखल. सिम्युलेशनची रेषा ठिपक्यांतून गेली, एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही. पुरेसे मापांक हातात असले की हत्तीचीही रेषा जुळते. वेगळेपण दिसायला जाडी बदलावी लागते, तापमान बदलावं लागतं, आणि त्याच पदार्थाचा ट्रान्झिस्टरही करावा लागतो.

एक छोटी पडताळणी मात्र फुकट मिळते. जुळणीतून जे अंतर निघतं, त्यावरून जागांची दाटी काढा. ओलेडच्या रेणूचा रेणुभार आणि घनता घालून खरी दाटी काढली तर ती घन सेंटिमीटरला १ ते २ वर २१ शून्यं येते. जुळणीनं शंभरपट कमी किंवा शंभरपट जास्त दिली, तर रेषा कितीही सुबक असो, मॉडेल त्या पदार्थाचं नाही.

ट्रॅप: ३,३३३ मध्ये एक

इलेक्ट्रॉनांचा प्रवाह होलपेक्षा कितीतरी कमी का, हे कोडं याच साधनांनी सुटलं. २०१२ साली निकोलाई आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या पॉलिमरांची इलेक्ट्रॉन-प्रवाहाची मोजमापं एकाच मॉडेलमध्ये बसवली, आणि ट्रॅपची संख्या सगळीकडे जवळपास सारखी निघाली: घन सेंटिमीटरला ३ वर १७ शून्यं, ऊर्जा निर्वातपातळीच्या खाली सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. १ वर २१ शून्यं जागा धरल्या तर ३,३३३ जागांत एक ट्रॅप. पॉलिमर वेगवेगळे आणि ट्रॅप तेच, म्हणजे दोष रेणूत नसून बाहेरून आलेला असावा. पाणी आणि ऑक्सिजन यांच्या जोडीवर संशय घेतला गेला.

२०१९ साली कोटाडिया आणि सहकाऱ्यांनी होलसाठीही अशीच सीमा दाखवली, निर्वाताच्या खाली ६ इलेक्ट्रॉन-व्होल्टला. दोन्ही सीमांच्या मध्ये उरते २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टची खिडकी. तिच्यात बसणाऱ्या पदार्थात दोन्ही वाहक ट्रॅपविना चालतात. लाल प्रकाश साधारण २ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, जेमतेम बसतो. ४६० नॅनोमीटरचा निळा २.७ चा, आणि वाहतुकीचं ऊर्जाअंतर प्रकाशापेक्षाही मोठं लागतं. निळ्या पदार्थात दोहोंपैकी एक वाहक ट्रॅपमध्ये पडणारच.

खिडकी रुंद करता येत नाही, पण ट्रॅपची धार बोथट करता येते. मार्क आणि हेल्फ्रिख यांनी १९६२ साली दाखवलं होतं की ट्रॅप असलेल्या पदार्थातला प्रवाह जागांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो आणि ट्रॅपच्या संख्येच्या एका घातानं घटतो. तो घात ४ धरा. आता जागा आणि ट्रॅप दोन्ही दसपट कमी केले, तर जागांपायी प्रवाह दसपट घटतो आणि ट्रॅपपायी दहा हजारपट वाढतो. कागदावरची निव्वळ वाढ हजारपट. प्रत्यक्षात ट्रॅपविना जाणाऱ्या प्रवाहाची कमाल मर्यादा आडवी येते. हे सूत्र पन्नासहून अधिक वर्षं पुस्तकांत पडून होतं. २०१६ साली माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेत ब्लोम यांच्या गटानं १० टक्के अर्धवाहक पॉलिमर आणि ९० टक्के मोठ्या ऊर्जाअंतराचा, इलेक्ट्रॉनांच्या वाहतुकीत भाग न घेणारा पॉलिमर असं मिश्रण केलं. इलेक्ट्रॉनांचे ट्रॅप जवळपास निष्प्रभ झाले, इलेक्ट्रॉन आणि होल यांचे प्रवाह तोलास आले, दिव्याची कार्यक्षमता दुप्पट झाली, आणि महागडं साहित्य जवळजवळ दसपट कमी लागलं.